हात पोटावर का गेला नाही? पीपीएचच्या एका ड्रिलचा प्रकरण अभ्यास

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणचं बीएस्सी नर्सिंग कॉलेज. सहावं सेमिस्टर, म्हणजे मिडवाइफरीचा पहिला भाग. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावावरचं, पीपीएचवरचं लेक्चर झालेलं होतं. पीपीटी झाली, नोट्स झाल्या, युनिट टेस्टही झाली आणि मार्क चांगले पडले. पीपीएचच्या कारणांचे चार ‘टी’ कोणते, असं विचारलं की शेवटच्या बाकावरूनही उत्तर यायचं: टोन (गर्भाशय सैल राहणं), ट्रॉमा (जखम), टिश्यू (वारेचा तुकडा आत राहणं), थ्रॉम्बिन (रक्त न गोठणं). गर्भाशय आवळायचं औषध, ऑक्सिटोसिन किती? १० युनिट, आयएम, म्हणजे स्नायूत. रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड? १ ग्रॅम, शिरेतून, बाळंतपणानंतर ३ तासांच्या आत. पाठांतरात खोट काढायला जागा नव्हती.

मग त्याच बॅचचं स्किल लॅबमध्ये ड्रिल घेतलं. मी या कॉलेजात स्किल लॅब बघते, त्यामुळे सगळं समोरून पाहायला मिळालं.

लॅबमध्ये मामा नॅटली आहे. हे पोटाला बांधायचं बाळंतपणाचं मॉडेल. एखादी विद्यार्थिनी ते बांधून कॉटवर आडवी होते आणि आई बनते. रक्ताची पिशवी आणि गर्भाशय कडक-सैल करायची सोय तिच्याच हातात असते. चौघींची टीम होती. बाळ नीट आलं, रडलं, वार पडली. इथपर्यंत सगळ्या जोरात होत्या. मग आईचं काम करणाऱ्या मुलीने गर्भाशय सैल सोडलं आणि रक्त सुरू केलं.

पहिलीने बीपी घेतलं. नॉर्मल आलं. तिने पुन्हा घेतलं. दुसरी बाळाला पुसत होती, ती पुसतच राहिली. तिसरी ऑक्सिटोसिन आणायला वळली आणि ट्रे उघडून बघत बसली, कारण अँप्युल ट्रेमध्ये नव्हतं. ते २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं औषध, त्यामुळे फ्रिजमध्ये होतं आणि फ्रिज पलीकडच्या खोलीत. हे कुठल्याच नोट्समध्ये नसतं. चौथी दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “सिस्टर, जरा बघता का?” दाराजवळ कोणीच नव्हतं. पहिलीने तिसऱ्यांदा बीपी घेतलं. मॅकिंटॉशवरून, म्हणजे खाली अंथरलेल्या रबरी कापडावरून, रक्त बादलीत ठिबकायला लागलं, तरी चौघींपैकी एकीचाही हात पोटावर गेला नाही.

तीन वेळा बीपी, आणि तरीही वेळ गेला

यातलं काय चुकलं ते नीट सांगायचं तर थोडी फिजिऑलॉजी लागते. नऊ महिने भरल्यावर गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जातं. वार सुटल्यावर तिच्या जागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्यांना बंद करतात ते गर्भाशयाच्या भिंतीतले एकमेकांत गुंफलेले स्नायू. ते आवळले की वाहिन्या आतल्या आत चिमटल्या जातात. स्नायू सैल राहिला तर गाठ बसतच नाही. म्हणून पहिला हात पोटावर हवा: गर्भाशय कडक आहे की पिठाच्या गोळ्यासारखं मऊ आहे ते बघायचं आणि मऊ असेल तर चोळायला लागायचं. त्याच वेळी मदत बोलवायची, ऑक्सिटोसिन द्यायचं, सलाइनसाठी शीर धरायची आणि लघवीची पिशवी (मूत्राशय) रिकामी आहे ना ते बघायचं, कारण ती भरलेली असली तर गर्भाशय नीट आवळत नाही.

आता बीपीचं. तरुण, धडधाकट बाई बरंच रक्त जाईपर्यंत बीपी टिकवून धरते. आधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात, बाई बेचैन होते. बीपी खाली येतं ते खूप उशिरा. म्हणजे तिसऱ्यांदा नॉर्मल आलेल्या बीपीने त्या मुलीला धीर दिला, तो नेमका चुकीच्या वेळी दिला. अशा वेळी नाडीला वरच्या बीपीने भागून येणारा शॉक इंडेक्स बघावा. तो ०.९ च्या वर गेला की सावध व्हायचं. हा भागाकार बोटांवर करता येतो.

विषय किती गंभीर आहे हे विद्यार्थिनींना ठाऊक होतं. जगभरात दरवर्षी हजारो बायका पीपीएचने जातात. २०१८–२० च्या नमुना नोंदणीत भारताचा मातामृत्यूदर लाख जिवंत जन्मांमागे ९७ आणि महाराष्ट्राचा ३३ होता. आपला आकडा देशाच्या मानाने बराच बरा आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला ५०० मिली रक्तस्राव परवडत नाही. हे सगळं मुलींच्या वह्यांत लिहिलेलं होतं.

“तुझ्या मनात काय चाललं होतं?”

ड्रिल फसलं की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एक तर ट्यूटर तिथेच झापतात, नाहीतर त्याच विषयावर पुन्हा लेक्चर लागतं. दोन्हींमागे समज एकच असते की मुलींना माहीत नव्हतं. पण यांना तर माहीत होतं. युनिट टेस्टचे पेपर कपाटात पडलेले होते.

म्हणून ड्रिलनंतर सगळ्यांना गोल बसवलं. सिम्युलेशनच्या भाषेत याला डिब्रीफिंग म्हणतात. आमच्या लॅबमध्ये त्याला ‘बसून बोलणं’ म्हणतात आणि तेच नाव बरं वाटतं. ड्रिलला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ बोलण्याला ठेवला. मराठीत बोलायची मोकळीक दिली. नोंदी इंग्रजीत करायच्या असतात हे खरं, पण ज्या मुलीला इंग्रजी वाक्य जुळवायचं टेन्शन असतं ती मनातलं सांगत नाही, पाठ केलेलं सांगते.

विचारायची पद्धतही ठरलेली होती. आधी मी जे पाहिलं ते सांगायचं, मग मला काय वाटलं ते आणि शेवटी प्रश्न. “तू तीनदा बीपी घेतलंस, पोटाला हात लावला नाहीस. मला वाटलं, वेळ हातचा चाललाय. त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं?” ‘का नाही लावलास?’ असं विचारलं की मुलगी मान खाली घालते आणि ‘सॉरी मॅडम’ म्हणते. ‘सॉरी मॅडम’ आलं की चर्चा संपलीच.

उत्तर आलं ते असं: “मॅडम, बीपी घेतलं की आपण काहीतरी करतोय असं वाटतं. तेवढंच नीट येतं.”

वॉर्डात या मुलींना रोज काय करायला मिळतं ते बघा. टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बीपी, बेड मेकिंग, सॅम्पल पोहोचवणं. हात ज्याला सरावलेला असतो, घाबरल्यावर तो तिकडेच धावतो. लेक्चरमध्ये शिकलेलं चांगलं बोलता येतं, पण हातात येत नाही.

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटलं. ते गप्प गप्प असलेल्या मुलीने दिलं. “पोट चोळायचं म्हणजे पेशंटला दुखणार. आणि कोणाला विचारायचं ते कळेना.” तिने विचारलं नाही, कारण विचारायला कोणी नव्हतं. आणि केलं नाही, कारण कोणाला विचारलं नव्हतं. वॉर्डात पहिल्या वर्षापासून तिला सांगितलं जातं की न विचारता पेशंटला हात लावू नकोस. सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. पण ज्या दोन मिनिटांत न विचारता हात लावायचाच असतो, ती दोन मिनिटं कोणती हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

शेवटी आई झालेली मुलगी बोलली. “माझ्याशी कोणीच बोललं नाही. मी आडवी पडून बघत होते, सगळ्या माझ्या पायांकडे बघत होत्या.” सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या. ही गोष्ट शिक्षकाने सांगितली असती तर ती उपदेश ठरली असती.

नर्सिंगच्या अभ्यासक ख्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये नर्सच्या विचाराचे चार टप्पे मांडले: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि मागे वळून बघणं. या टीमचं घोडं तिसऱ्या टप्प्यावर अडलं असं वरवर दिसत होतं. बोलल्यावर कळलं, अडचण आधीपासून होती. चौघींपैकी एकीलाही ‘हे जास्त रक्त आहे’ असं ठामपणे वाटलंच नव्हतं. बाळंतपणात रक्त जातंच, असं त्या एकमेकींना समजावत होत्या.

लाल पाणी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा

म्हणून पुढचं सत्र पीपीएचवर घेतलंच नाही, रक्त मोजण्यावर घेतलं. खायचा लाल रंग, पाणी आणि घट्टपणासाठी कॉर्नफ्लोअर. हे मिश्रण मोजून वेगवेगळ्या ठिकाणी ओतलं: किडनी ट्रेमध्ये ३००, जुन्या चादरीवर ५००, पॅड आणि गॉजमध्ये मुरवलेलं ३००, मॅकिंटॉशवर आणि खाली फरशीवर मिळून १०००. प्रत्येक ठिकाणी नंबराची चिठ्ठी लावली, आकडा लिहिला नाही. मुलींनी फिरायचं, बघायचं आणि कागदावर आपला अंदाज लिहायचा. पेनने लिहायचा, खोडायचं नाही.

खरे आकडे त्यानंतरच फळ्यावर लिहिले. फरशीवरच्या १००० मिलीला बहुतेकींनी निम्म्याच्या आसपास धरलं होतं. ट्रेमधलं थोडं रक्त उलट जास्त वाटलं होतं. ही चूक फक्त आमच्या मुलींची नव्हे. थोडं रक्त जास्त आणि जास्त रक्त कमी दिसतं हे जगभर आढळलेलं आहे. एकीने आपला कागद फळ्यासमोर धरून नुसतंच बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, “अगं, मी तर हिला वॉर्डात शिफ्ट केली असती.” त्या दिवशीचा सगळा धडा त्या एका वाक्यात होता आणि तो मी सांगितलेला नव्हता.

नंतर वजनकाटा आणला, किराणा मोजायचा साधा डिजिटल. कोरड्या पॅडचं वजन, ओल्या पॅडचं वजन, वजाबाकी. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. मोजमापाच्या रेषा असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा ड्रेप कमरेखाली कसा अंथरायचा तेही दाखवलं. मग संशोधन सांगितलं. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ चाचणीत नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे बहुतांशी डोळ्यांच्या अंदाजाने, पीपीएचच्या निम्म्याच केसेस लक्षात येत होत्या. मोजपट्टीचा ड्रेप आणि सगळे उपचार एकदम सुरू करण्याची शिस्त आल्यावर ९० टक्क्यांहून जास्त केसेस लक्षात आल्या आणि गंभीर परिणाम सुमारे ६० टक्क्यांनी घटले. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तर ५०० मिलीची वाट बघू नका, असं सांगितलं. नाडी किंवा बीपी बिघडलं असेल तर ३०० मिलीलाच हालचाल करा.

हीच माहिती लेक्चरच्या पहिल्या स्लाइडवर टाकता आली असती. पण स्वतःचा चुकलेला आकडा हातात असताना ९० आणि ५० टक्क्यांमधला फरक कसा ऐकला जातो, ते मी त्या खोलीत पाहिलं. आधी अंदाज लिहून घ्यायचा आणि मग उत्तर सांगायचं, एवढीच ही युक्ती. शिक्षणातल्या महागड्या गोष्टींपेक्षा तिने जास्त काम केलं, असं माझं मत झालंय.

दुसरं ड्रिल

दुसऱ्या ड्रिलला टीम तीच ठेवली, पण भूमिका बदलल्या. पहिल्यांदा बीपी घेणारी आता आई झाली. गप्प मुलीला टीम लीडर केलं. तिला ते नको होतं.

साठ जणींच्या बॅचमध्ये एका वेळी चार-पाचच जणी ड्रिल करतात आणि बाकीच्या भिंतीला टेकून मोबाइल बघतात. आमच्याकडे ही मोठीच अडचण. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, प्रत्यक्षात लॅबच्या दिवशी तेवढे हात मोकळे नसतात. म्हणून बघणाऱ्यांना कामं वाटून दिली. एका गटाने फक्त घड्याळ बघायचं: पहिला हात पोटावर किती सेकंदांनी गेला, सुई टोचेपर्यंत किती वेळ गेला. दुसऱ्या गटाने फक्त आवाज ऐकायचा: कोणी काय सांगितलं, कोणाचं नाव घेऊन सांगितलं, समोरचीने ‘ऐकलं’ म्हटलं का. तिसऱ्या गटाने आईच्या चेहऱ्यावरून नजर हलवायची नाही.

आवाजाच्या गटाने काढलेला मुद्दा पुढे फार उपयोगी पडला. “कोणीतरी ऑक्सिटोसिन आणा,” असं म्हटलं की कोणीच हलत नाही. नाव घेऊन म्हटलं की पाय उचलतात.

डॉक्टरांना फोन करायचा सराव एसबीएआर पद्धतीने घेतला. काय झालंय, आधीचं काय आहे, मला काय वाटतंय, मला काय हवंय. पहिले दोन भाग मुली घडाघडा सांगतात. तिसरा गाळतात. “मला वाटतं ही ॲटॉनिक पीपीएच आहे” (म्हणजे गर्भाशय सैल राहिल्याने होणारी) हे वाक्य काही केल्या तोंडातून निघत नाही, कारण निदान डॉक्टर करतात हे डोक्यात पक्कं बसलंय. परवानगीची तीच गाठ इथे पुन्हा दिसली. आम्ही ते वाक्य सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतलं, आळीपाळीने. पहिल्या फेरीत खिदळणं झालं, नंतर आवाज सरळ यायला लागले.

दुसऱ्या ड्रिलमध्ये हात लवकर पोटावर गेला. गप्प मुलगी मोठ्याने ओरडली आणि स्वतःच दचकली. लघवीची पिशवी रिकामी करायची मात्र टीम विसरली. चर्चेत ते घड्याळवाल्या गटाने काढलं, मला बोलावं लागलं नाही.

जे जमलं नाही

याच सत्रात दोन गोष्टी करून पाहिल्या आणि सोडल्या. कॉन्सेप्ट मॅप (विषयातल्या कल्पना रेषांनी जोडून काढलेले नकाशे) घरून आणायला सांगितले तर हॉस्टेलच्या एका खोलीतून आठ सारखे मॅप आले, रंगसुद्धा तेच. वर्गात, हातात केस देऊन, गटाने काढायला लावले तर ते चालतात. घरचा अभ्यास म्हणून दिले की त्यांचं जर्नल होतं, म्हणजे एकीचं बघून बाकीच्यांनी उतरवलेलं. दुसरं म्हणजे व्हिडिओ आधी बघून या आणि वर्गात चर्चा करू. व्हिडिओ दुप्पट स्पीडने बघितले जातात, किंवा एकीने बघून बाकीच्यांना सांगितलेले असतात. सत्राच्या सुरुवातीला पाच प्रश्नांची कोरी चिठ्ठी ठेवली तेव्हा थोडी सुधारणा झाली. तिला मार्क नव्हते. आठवून लिहिल्याने शिकलेलं जास्त टिकतं, हे मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं आहे. पण मार्क नसलेली चिठ्ठी मुली मनावर घेतात का, हा रोजचाच झगडा आहे.

मॅनिकिनबद्दलही, म्हणजे सरावाच्या पुतळ्याबद्दलही एक सांगायला हवं. बऱ्याच कॉलेजांत खऱ्या पेशंटसारखं वागणारं लाखोंचं हाय-फिडेलिटी मॅनिकिन प्लॅस्टिकच्या कव्हरखाली असतं आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी बाहेर येतं. अमेरिकेत एनसीएसबीएनच्या, म्हणजे तिथल्या राज्यांच्या नर्सिंग मंडळांच्या परिषदेच्या, २०१४ च्या अभ्यासात क्लिनिकलचे निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने भरून काढले तरी विद्यार्थी मागे पडले नाहीत, हे आपल्याकडे उत्साहाने सांगितलं जातं. पण तिथले शिक्षक त्यासाठी तयार केलेले होते आणि प्रत्येक सत्रानंतर पद्धतशीर डिब्रीफिंग होतं, हे अर्धं वाक्य गळतं. शिवाय आपली अडचण वेगळी आहे. आपल्याकडे पेशंटची कमी नाही. जिल्हा रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये एका रात्रीत बघायला मिळतं ते इतर देशांतल्या विद्यार्थ्यांना पोस्टिंगभरात मिळत नसेल. कमी आहे ती बघितल्यावर थांबून बोलायची. पोस्टिंग संपलं की बस धरायची घाई, आणि पोस्ट-कॉन्फरन्स (कामानंतरची चर्चा) लॉगबुकवर सहीपुरती उरते.

लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टर

तिसऱ्या ड्रिलला आम्ही लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरना बोलावलं, परीक्षक म्हणून नाही. त्यांनी स्वतःचीच भूमिका करायची होती: खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या बाईच्या बाळंतपणात अडकलेल्या सिस्टर.

मुलींचे आवाज लगेच खाली आले. दोन ड्रिलमध्ये कमावलेला मोठा आवाज खऱ्या सिस्टर समोर उभ्या राहिल्याबरोबर पहिल्या दिवसावर गेला. हात पोटावर गेला, पण हाक पुन्हा “सिस्टर, जरा...” अशीच आली. सिस्टरनी दोनदा ऐकू न आल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा टीम लीडर ओरडली, “सिस्टर, पीपीएच! इकडे या!” त्या आल्या.

बसून बोलताना सिस्टर म्हणाल्या, “माझ्या वॉर्डात एवढ्या जोरात ओरडलीस तर मी आधी तुला ओरडेन आणि मग येईन. पण येईन.” मुली हसल्या. मला मात्र तेवढ्यावर सोडवेना. ‘आधी ओरडेन’ हे ज्या मुलीच्या डोक्यात बसलंय तिचा आवाज दोन वेळा खाली राहणार आहे आणि त्या दोन वेळांत किती रक्त जातं ते तिने लाल पाण्यात मोजलेलं आहे. मी सिस्टरना तसं म्हटलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग फ्रिजवर गाडी आली: त्यांच्याकडेही ऑक्सिटोसिन लांबच्या फ्रिजमध्येच असतं आणि रात्रीच्या ड्यूटीला कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधावं लागतं. पीपीएचचा तयार ट्रे आणि जवळच छोटा कोल्ड बॉक्स, हे त्या बैठकीत ठरलं. विद्यार्थिनींच्या ड्रिलमधून वॉर्डाची त्रुटी सापडेल हे आमच्या लेसन प्लॅनच्या उद्दिष्टांत नव्हतं.

परीक्षेचं मात्र काही हललेलं नाही. पेपरला अजून ‘पीपीएचची कारणं आणि व्यवस्थापन लिहा’ असाच प्रश्न येतो, आणि त्यात पानभर लिहिणारी मुलगी पहिली येते. गप्प मुलीने उत्तर लिहिलं ते अर्ध्या पानाचं, क्रमाने, सुरुवात ‘मदतीला हाक, हात पोटावर’ अशी. मार्क मध्यम पडले. प्रॅक्टिकलमध्ये स्टेशन लावून, म्हणजे एकेका टेबलावर प्रत्यक्ष कृती करायला लावून, तपासणं शक्य आहे आणि नव्या अभ्यासक्रमाला ते अपेक्षितही आहे, पण बाहेरचे परीक्षक एका दिवसात पूर्ण बॅच बघतात तेव्हा घड्याळ व्हायवाच्या बाजूने असतं.

पुढच्या बॅचच्या टाइमटेबलमध्ये लाल पाण्याचं सत्र पहिलं ठेवलंय, मग ड्रिल, आणि लेक्चर सगळ्यांत शेवटी. लेक्चर घेणाऱ्या मॅडमना ते फारसं पटलेलं नाही. न शिकवता ड्रिलमध्ये ढकललं तर मुली खचतील, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. म्हणून पहिल्या ड्रिलचे मार्क धरायचे नाहीत आणि त्याचा व्हिडिओही काढायचा नाही, एवढ्यावर आमचं जमलंय.